न फिरवलेल्या पाच कॅसेटी

त्या आठवडी बाजाराच्या दिवसाचा विषय निघाला की आजही माझी मान खाली जाते. खात्यातल्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, विहिरीतून प्रेतं बाहेर काढली. त्यातलं बरंचसं आता पुसट झालं आहे. पण व्हिडिओ कॅसेटच्या एका दुकानदाराला मी भर बाजारातून तीनशे पावलं पायी चालवत नेलं, ते काही केल्या पुसलं जात नाही. गुन्हा किरकोळ होता, जामीनपात्र होता. वर्तमानपत्रात त्याला चार ओळींपेक्षा जास्त जागा मिळाली नाही.

तेव्हा मी परभणी जिल्ह्यातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. ठाण्याचं नाव देत नाही आणि माणसांचीही देत नाही. त्या दुकानदारांना सगळं गाव अप्पा म्हणायचं, मीही तेच म्हणतो.

अप्पा लिंगायत समाजाचे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग, अंगात पांढरा सदरा. गावात पहिला व्हीसीआर त्यांनी आणला. सुरुवातीच्या दिवसांत ताडकळसकडच्या खेड्यांतून लोक बैलगाडी घेऊन येत आणि टीव्ही-व्हीसीआर गोधडीत गुंडाळून बाळंतिणीला न्यावं तसा जपून नेत. बारसं असो की लग्न, अप्पांच्या मशिनीशिवाय कार्याला शोभा येत नसे. पुढे घरोघरी टीव्ही आले, काहींकडे व्हीसीआरही आले, आणि अप्पांच्या दुकानाच्या दोन भिंती कॅसेटींनी भरल्या.

त्या दुकानाची एक गोष्ट जिल्ह्यात दुसरीकडे मी पाहिली नाही. तिथे बायका एकट्या येत. लेकी-सुनांना घेऊन येत, फडताळांसमोर उभ्या राहून निवांत कॅसेटी बघत. अप्पा त्यांना सल्ला देत, "आक्का, हा नका नेऊ, लय रडारड हाय ह्याच्यात. सासूबाई तुमच्यावरच चिडतील." व्हिडिओ लायब्ररी म्हटलं की पोलिसांच्या डोक्यात आधी अश्लील कॅसेटी येतात. अप्पांच्या दुकानाबद्दल असली कुजबुज मी कधी ऐकली नव्हती.

त्यांचा एक नियम होता. कॅसेट परत आली की तिच्या छोट्या खिडकीतून बघायचं. सगळी फीत डावीकडच्या चक्रावर असली, म्हणजे कॅसेट सुरुवातीपर्यंत मागे फिरवलेली असली, तरच ती फडताळात जायची. फीत उजवीकडे असली तर अप्पा ती आधी लाल मोटारीच्या आकाराच्या एका यंत्रात घालून मागे फिरवत आणि मगच जागेवर ठेवत. गिऱ्हाईक ताटकळत असलं तरी आधी हे काम. एकदा आमच्या क्वार्टरमधून कॅसेट तशीच परत गेली. मी वर्दीत होतो. अप्पांनी खिडकीतून पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, न फिरवलेली कॅसेट फडताळात ठेवायची म्हंजे खरकटं ताट मांडणीवर ठेवल्यासारखं हाय. आमच्या घरात चालत न्हाई." मी हसलो, घरी जाऊन बायकोला सांगितलं, तीही हसली. तेव्हापासून आमच्या घरातून कॅसेट नेहमी फिरवून जायची.

मग गावात केबल आली. ती आणली अप्पांच्याच एका जुन्या गिऱ्हाइकाने. त्याने गच्चीवर तबकडी बसवली आणि खांबाखांबावरून वायरी ओढल्या. दुपारी तो केबलवर स्वतःचा म्हणून एक पिक्चर लावायचा. ती कॅसेट अप्पांच्याच दुकानातून आणलेली असायची आणि परत येताना कधीही फिरवलेली नसायची. अप्पांनी पाच-सहा वेळा बजावलं. शेवटी त्याला कॅसेट देणंच बंद केलं. मला म्हणाले, "साहेब, माझ्याच कॅसेटीवर सगळं गाव घरी बसून बघायलंय. मग माझ्या दुकानात कोण येणार? वर फिरवून बी आणत न्हाई." त्यांना जास्त राग कशाचा होता, ते मला तेव्हाही नीट कळलं नव्हतं.

केबलवाल्याचा दुपारचा पिक्चर बंद पडला. लोक त्याला शिव्या घालू लागले. इकडे अप्पांचंही फार बरं चाललं नव्हतं. वरच्या फडताळांवर धूळ दिसायला लागली होती. सगळीकडे तसंच होतं. पूर्ण्याला रेल्वे क्वार्टरांजवळ अशी दुकानं होती, त्यातली काही तोवर बंदही झाली होती.

त्याच सुमारास वरून अश्लील कॅसेटींविरुद्ध पंधरवड्याची मोहीम आली. प्रत्येक ठाण्याने कामगिरी दाखवायची. आमच्या ठाण्याची पाटी कोरीच होती. मोहीम संपायला दोन दिवस उरले असताना केबलवाला माझ्यासमोर येऊन बसला.

"साहेब, तुमच्या नाकाखाली लय घाण चालायलीय."

"कुठं?"

"अप्पाच्या दुकानात. तिसऱ्या फडताळात, देवाच्या पिक्चरांच्या मागं. पाच कॅसेटी हायत, कोऱ्या कव्हरात. माझं नाव घेऊ नका तेवढं."

खबर मिळाली की आधी खबर देणाऱ्याला तपासायचं, हे प्रशिक्षणात पहिल्या आठवड्यात शिकवतात. याचं आणि त्याचं वाकडं आहे का? याला हे कळलं कसं? मग बनावट गिऱ्हाईक पाठवायचं, माल विकत किंवा भाड्याने घ्यायचा आणि मगच छापा घालायचा. मला हे सगळं माहीत होतं. दोघांचं वाकडं आहे हेही माहीत होतं. पण मोहिमेचे दोन दिवस उरले होते आणि खबर तपशीलवार होती. पंच बोलावले, हवालदार आणि दोन शिपाई घेतले आणि दुपारी दुकान गाठलं. बाजार भरलेला होता.

अप्पा नुकतेच मागच्या घरातून पूजा आणि जेवण आटोपून दुकानात आले होते. रोज त्या वेळी ते आत जात आणि दुकान तसंच उघडं राही. गिऱ्हाईक येऊन आपलं बघत बसायचं. झडती सुरू झाली. तिसऱ्या फडताळात, देवाच्या पिक्चरांच्या मागे, कोऱ्या कव्हरातल्या पाच कॅसेटी निघाल्या.

अप्पांचा चेहरा पांढरा पडला. "ह्या माझ्या न्हाईत साहेब. देवाशपथ न्हाईत." त्यांनी एक कॅसेट बघायला हात पुढे केला. मी तो हात झटकला.

"हात लावू नको."

आदल्या दिवसापर्यंत मी त्यांना अप्पा म्हणत होतो, अहो-जाहो करत होतो. हातात मुद्देमाल आला आणि जिभेवर अरे-तुरे आलं. अप्पांनी मान वाकडी करून हवालदाराच्या हातातल्या कॅसेटीची खिडकी पाहिली आणि म्हणाले, "साहेब, ही फिरवलेली न्हाई. बघा तरी. माझ्या फडताळात न फिरवलेली कॅसेट राहतच न्हाई."

हे वाक्य मी ऐकलं. पंचांनीही ऐकलं. पंचनाम्यात ते आलं नाही, कारण मी लिहवलं नाही. पकडलेला माणूस काहीही बोलतो, असं मी हवालदाराला म्हणालो आणि लाख वितळवून सील करायला सांगितलं.

बाहेर जीप उभी होती. हवालदाराने विचारलं, "जीपमधी घेऊ ना साहेब?"

"पायी घ्या," मी म्हणालो.

दुकानापासून ठाणं तीनशे पावलांवर. मध्ये सगळा बाजार. पुढे शिपाई सीलबंद पुडकं घेऊन, मग अप्पा, त्यांचं मनगट दुसऱ्या शिपायाच्या हातात, मागे मी. आरोपी अशा वेळी रुमालाने तोंड झाकतात. अप्पांनी झाकलं नाही. सुरुवातीला ते ओळखीच्या माणसांना मोकळ्या हाताने नमस्कार करत होते. कुणी उलट नमस्कार केला नाही. भाजी घेणाऱ्या बायकांनी, ज्या त्यांच्या दुकानात रोज यायच्या, पदर सावरून तोंडं फिरवली. कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "अप्पा बी असलाच निघाला का!" आणि पाच-सात जण हसले. त्यानंतर अप्पांनी नमस्कार करणं थांबवलं. दुकानाच्या पायरीवर त्यांच्या पत्नी उभ्या होत्या. गाव त्यांना आक्का म्हणायचं. त्या रडत नव्हत्या, फक्त माझ्याकडे बघत होत्या.

ठाण्यात अंगझडती झाली. कोठडीत घालण्याआधी आरोपीच्या अंगावरचा दोरा, पट्टा, करदोटा सगळं काढून घेतात, कारण त्याने जिवाचं बरंवाईट करून घेऊ नये. हवालदाराने गळ्यातल्या लिंगाच्या दोऱ्याकडे बोट केलं. दिवसभरात अप्पांनी पहिल्यांदाच आवाज चढवला. "हे मेल्यावर बी अंगावरून काढत न्हाईत. काय करायचं ते करा." मी हवालदाराला राहू दे म्हणालो. त्या दिवशी माझ्या हातून घडलेली ही एकच बरी गोष्ट. जामीन लगेच देता आला असता. मी संध्याकाळी दिला, पत्रकार फोटो घेऊन गेल्यावर.

तीन दिवसांनी कॅसेटींतल्या मजकुराचा पंचनामा करायचा होता. तो आधीच करायला हवा होता, पण मी सगळंच उलट्या क्रमाने केलं होतं. त्यासाठी व्हीसीआर लागणार. ठाण्यात नव्हता. शेवटी अप्पांच्याच दुकानातून जप्त केलेला व्हीसीआर टेबलावर मांडला. पंचांसमक्ष सील फोडलं. हवालदाराने पहिली कॅसेट घातली. पडद्यावर नुसत्या मुंग्या.

"साहेब, ही शेवटाला हाय. फिरवावी लागते."

त्याने बटण दाबलं. मशीन कुरकुरत फिरत राहिलं. कॅसेट सुरुवातीला आली, एक मिनिट पाहिलं, पंचांनी माना खाली घातल्या, लिहिलं. दुसरी घातली. तीही शेवटाला. तिसरी, तशीच. चौथी फिरत असताना मी पाचवी उचलून खिडकीतून पाहिली. सगळी फीत उजवीकडे.

खरकटं ताट मांडणीवर. या गावात एकच माणूस असा होता की त्याच्या फडताळात असं पाच वेळा घडणं शक्य नव्हतं. तो माणूस हेच मला माझ्या तोंडावर सांगत होता आणि मी त्याला हात लावू नको म्हणालो होतो. वर्दीतल्या फौजदारालाही फिरवायला लावणारा माणूस स्वतः चोरून ठेवलेला माल न फिरवता ठेवेल? आणि कॅसेट कधीच न फिरवणारा गिऱ्हाईक कोण, हेही मला अप्पांनीच सांगितलेलं होतं.

पण एवढ्यावर कुणाला धरता येत नाही. मी केबलवाल्याला चहाला बोलावलं. चौकशीच्या पद्धतीबद्दल लोकांच्या मनात काहीबाही असतं. माझा अनुभव असा, की खोटं बोलणाऱ्याला मारलं की तो गप्प बसतो आणि चहा पाजला की बोलत सुटतो. मी त्याचे आभार मानले, मोहीम फत्ते झाली म्हणालो. तो खूश झाला.

"त्यातली एखादी तू आणली होतीस का कधी? भाड्याने?"

"छे साहेब! आमी असलं बघत न्हाई. हात बी लावला न्हाई."

"मग कुणाकडून कळलं?"

"लोक बोलतात की."

"लोकांनी पाच म्हणून सांगितलं? देवाच्या मागे दडवलेल्या कॅसेटी लोकांनी मोजल्या कधी?"

त्याचा कप बशीवर टेकला नाही, हातातच राहिला. मी पाचही कॅसेटी त्याच्यासमोर ओळीने ठेवल्या, खिडक्या त्याच्याकडे करून. "तुझ्या सवयीप्रमाणे शेवटपर्यंत चालवलेल्या आहेत. फिरवायला विसरलास." त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "अप्पा पूजेला आत गेल्ते. मी देवाचा पिक्चर बघतो म्हणून फडताळापाशी गेलो. लय त्रास देत होता साहेब, कॅसेट देत नव्हता. दुकान बंद पडावं एवढंच वाटत होतं. तुमी पायी न्याल असं वाटलं नव्हतं."

मी कॅसेटी गोळा केल्या आणि हवालदाराला आत बोलावलं.

त्याच्यावर खोटी माहिती देऊन खोटा पुरावा उभा केल्याचा गुन्हा नोंदवला. अप्पांच्या बाबतीत कलम १६९ प्रमाणे कोर्टात अहवाल पाठवला, की यांच्याविरुद्ध पुरावा नाही, यांना मुक्त करावं. कागदावर अप्पा स्वच्छ झाले. मी अहवालाची प्रत घेऊन त्यांच्या घरी गेलो. मला वाटलं ते आनंदतील, निदान शिव्या तरी देतील.

दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं. आत अप्पा एका बाजूने कॅसेटी काढून त्या लाल मोटारीत घालत होते आणि पुन्हा ठेवत होते. त्या सगळ्या आधीच फिरवलेल्या होत्या. तेवढ्या दिवसांत एकही बाई दुकानात आली नव्हती. आक्का दळणाच्या गिरणीत गेल्या तर बायका बोलायच्या थांबल्या होत्या. अप्पांनी प्रत वाचली, घडी केली आणि माझ्याकडे परत दिली.

"हे कोर्टात वाचतील साहेब. बाजारात कोण वाचणार?"

मी प्रत खिशात घातली.

"एक काम करा. पुढच्या बाजाराला मला तसंच न्या. ठाण्यापासून दुकानापर्यंत. पायी. तुमी वर्दीत संगं चाला. बाकी काय बोलू नका, नुसतं चाला. लोक बघतील."

साधी मागणी होती. तीनशे पावलं. पण माझ्या डोक्यात लगेच दुसराच हिशेब सुरू झाला. फौजदार आरोपीला हात जोडून घरी पोहोचवतो, हे वरिष्ठांच्या कानावर गेलं तर? आपण चूक केली हे सगळ्या गावासमोर कबूल करायचं, मग उद्या ठाण्याचा धाक कसला राहणार? मी त्यांना म्हणालो, "बघू अप्पा. पोखर्णीच्या नरसिंहाच्या यात्रेचा बंदोबस्त आहे. यात्रा होऊ द्या."

ते "बरं" म्हणाले. आक्का आतून चहा घेऊन आल्या. मी तो प्यायलो, याची आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

यात्रा झाली. मी परत आलो. पुढचा बाजार आला आणि गेला. मी ठाण्यातून बाहेर पडलो नाही, डायरीत दौरा दाखवला. नंतरच्या बाजाराला सकाळी ठाणे अंमलदाराने सांगितलं की अप्पा गेले. सकाळच्या पूजेला बसलेले असतानाच, हृदयविकाराने. वैद्यकीय कागदांत संशयास्पद काही नव्हतं. मी ते स्वतः तपासले. मला कुठेतरी संशय हवा होता, म्हणजे तपास करता आला असता, काहीतरी करता आलं असतं.

लिंगायत समाजात माणसाला आडवा करून नेत नाहीत. त्याला सजवलेल्या मखरात बसवतात, कपाळाला विभूती लावतात, लिंग अंगावरच राहतं आणि बसलेलाच समाधीपर्यंत नेतात. त्या दिवशी बाजार भरलेला होता. दुकानापासून समाधीच्या जागेकडे जायची वाट ठाण्यावरून. मी फाटकात उभा होतो. मखरात अप्पा बसले होते, पांढरा सदरा, कपाळावर तीन पट्टे, मान आधाराने ताठ ठेवलेली. चेहरा उघडा. भाजीवाल्या उठून उभ्या राहिल्या. ज्यांनी तोंडं फिरवली होती त्याच बायका आता हात जोडून उभ्या होत्या.

मखर फाटकासमोर आलं तेव्हा मागून चालणाऱ्या आक्का थांबल्या. म्हणाल्या, "साहेब, आता तरी चला की संगं."

मी वर्दीत होतो. टोपी नीट केली आणि मखराच्या बाजूने चालू लागलो. किती पावलं चाललो ते मोजलं नाही. सगळ्या बाजाराने पाहिलं. ज्या अप्पांनी ते पाहायला हवं होतं त्यांचे डोळे मिटलेले होते.

केबलवाल्याला कोर्टात किरकोळ शिक्षा झाली. त्याची केबल आणखी काही वर्षं चालली, मग मोबाइलने तीही संपवली. आक्कांनी दुकान विकलं. आज तिथे मोबाइल दुरुस्तीचा गाळा आहे. मी मध्यंतरी त्या बाजूला गेलो तेव्हा त्या तरुण दुकानदाराला विचारलं, इथे आधी काय होतं माहीत आहे का. तो म्हणाला, "काय की काका, मी आलो तवा रिकामंच होतं."

नवे अधिकारी भेटायला येतात, तपासाबद्दल विचारतात. पुरावा, पंचनामा, कलमं हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येतं. मी त्यांना एवढंच सांगतो की निर्दोष ठरलेल्या माणसाला ठाण्यातून नुसतं सोडू नका. ज्या रस्त्याने, ज्या लोकांसमोरून नेलं, त्याच रस्त्याने दिवसाढवळ्या परत पोहोचवा. पुढे नोकरीत मी हे नेमाने केलं. वर्दी घालून बऱ्याच जणांच्या दारापर्यंत चालत गेलो, त्यांच्या ओट्यावर सगळ्यांना दिसेल असा बसलो. वरिष्ठांनी एकदाही हटकलं नाही. ठाण्याचा धाकही कमी झाला नाही. मी ज्याला घाबरलो होतो तसं काही नव्हतंच. आणि ज्या एका माणसाने माझ्याकडे हे मागितलं होतं, त्याला मी म्हणालो होतो, यात्रा होऊ द्या.